डाव्या बाजूची सीट

गाडी आली त्या दिवशी तिला जागा म्हणून कपिला गाय गोठ्यातून निघून फणसाखाली गेली. म्हाताऱ्या रंगूबाईने सुनेकडे पाहिलं, सुनेने हातातल्या दाव्याकडे पाहिलं, आणि दत्तारामने कोणाकडेच पाहिलं नाही. त्याचे डोळे गाडीवरच खिळलेले. जपानी, दोन दारांची, बसकी, रंग उडालेली. मुंबईच्या कुणा बोटीवरच्या साहेबाने हौसेने आणलेली आणि मग वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली ठेवून दिलेली. पण बॉनेटखाली इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो होता, आणि सगळा जोर मागच्या चाकांवर.

"अशीच गाडी तिरकी पळते, आये," दत्ताराम म्हणाला. "तोंड डोंगराकडं, धाव रस्त्याकडं. ड्रिफ्ट म्हणतात त्याला."

"तिरकी कशाला पळवायची? रस्ता सरळ हाय की."

"तुला नाय कळायचं."

संजीवनीलाही कळत नव्हतं, पण तिने विचारलं नाही. कुर्ल्याच्या गॅरेजात कामाला असल्यापासून नवऱ्याने ह्या गाडीचा ध्यास घेतला होता. गावी येऊन पोलादपूरच्या नाक्यावर ट्रक दुरुस्तीचं दुकान टाकलं, तरी मन तिथेच. मध्येच दुसरं गिऱ्हाईक आडवं आलं आणि गाडी हातची जाणार असं झालं, तेव्हा त्याने जेवण टाकलं. मग संजीवनी आंबेनळीच्या वाटेवरच्या वाघजाईला गेली. गोमाजी गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बाय माझे, ह्या लेकीच्या धन्याला ती गाडी लाभू दे. दोघं जोडीनं त्याच गाडीत बसून तुझ्या दारात येतील, ओटी भरतील." नवस फिटेपर्यंत चहा वर्ज्य, ही भर तिने आपल्या मनाने घातली. सोमवार, मंगळवार, चतुर्थीचे उपास तिचे चालूच होते.

"बोलताना जरा सैल बोलावं गो," रंगूबाई नंतर म्हणाली. "सवडीनं येऊ म्हणायचं. जोडीनं नि त्याच गाडीत, असं आवळून कशाला घेतलंस?"

गाडी आली आणि लगेच उघडली गेली. गालिचे निघाले, एसी निघाला, मागची सीट निघाली. मागच्या चाकांमधला गोळा दत्तारामने वेल्डिंग मारून जाम केला, म्हणजे दोन्ही चाकं एकदमच फिरणार. हॅन्डब्रेकला हातभर दांडी लावली. टर्बोचा दाब वाढवला. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी फुस्स करायची आणि फणसाखाली कपिला दूध चोरायची.

तो डाव्या सीटचे बोल्ट सोडायला बसला तेव्हा संजीवनी दारात आली.

"आधी वाघजाईला जाऊन येऊ. मग काढा."

"आता सैल झालेत गो."

"परत बसवायला किती वेळ लागतो?"

"पाट हाय काय मांडायला? दिवस जातो. आन् वजन कमी करायचं तर ही सीट नकोच. ही गाडी एका माणसाची असते."

सीट पडवीत आली. आठवडाभरात तिच्यात कोंबडी अंडी घालायला लागली.

आयतवारी कारखाने बंद असले की दत्ताराम महाडला एमआयडीसीच्या रुंद रस्त्यांवर जायचा. डांबरावर काळी वेटोळी काढून जळक्या रबराच्या वासाने घरी यायचा. तोवर संजीवनीचा जीव मुठीत. देवीला दिलेला शब्द राहिलाय आणि हा माणूस गाडी आडवी घालतोय, ह्याचं बरंवाईट झालं तर? वळणावर फुस्स ऐकू आलं की ती हात जोडायची, मग भात वाढायची.

एकदा दोस्त आले होते. ती चहा घेऊन गेली.

"वैनी, तुमी नाय घेत?"

दत्ताराम हसला. "आमच्या मंडळींनी देवीला लिफ्ट कबूल केलीय. लिफ्ट दिल्याबिगर चहा नाय."

सगळे खदखदून हसले. तिने रिकामे कप गोळा केले.

गोमाजीकाकांना तिने विचारूनही पाहिलं, एकटी एसटीने आले तर?

"ओटी मी घेईन बाय," गोमाजी म्हणाला. "पण ती घेईल का, हे मी कोण सांगणार? बोल तिच्या कानात गेलाय."

मग खोपोलीकडच्या माळावर स्पर्धा झाली. पहिल्याच फेरीला निळा धूर निघाला आणि टर्बो बसला. गाडी टेम्पोत घालून घरी आली. दत्तारामने कुर्ल्याच्या भंगारातून दुसरा टर्बो आणून जोडला. तोही महाडच्या वाटेवर बसला. तिसरा जोडला तेव्हा कुणीतरी नाक्यावर बोललं, "दत्त्या, लेका, वैनीचा नवस फेडलास का?"

सकाळी संजीवनी चुलीवर भात ठेवत होती. पडवीत कोंबडी कलकलाट करत उडाली. ती बाहेर आली तर सीट जाग्यावर नव्हती. गोठ्यातून पान्याचा आवाज येत होता.

भात शिजायच्या आत सीट बसली.

"चल, बस," दत्ताराम हात पुसत म्हणाला. "मोकळं होऊन टाकू."

दिवस जातो म्हणाला होता. सीटला चिकटलेली पिसं तिने पदराने झटकली, बसली आणि ओटीचं ताट मांडीवर घेतलं. घाटात गाडी बैलगाडीसारखी सरळ चालली. प्रत्येक वळणाला तो जपत होता. तिला बरं वाटलं. मग दिसलं, की त्याची नजर टर्बोच्या दाबाच्या काट्यावर आहे.

ओटी भरली. गोमाजीने गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला. "फिटला बाय. आता काय मागायचं?" एक नवस फेडताना दुसरा बोलायचा, देवीला रितं ठेवायचं नाही, ही तिकडची रीत.

दत्तारामने तिला कोपराने ढोसलं. "बोल की. टर्बो टिकू दे, पहिला नंबर येऊ दे. आन् काहीतरी सोड. भात सोड ह्या वेळी."

"तुमी बोला."

"माझं कुठं ऐकते ती? तुझं ऐकते."

संजीवनीने देवीच्या तोंडाकडे पाहिलं. ह्या माणसासाठी मागायला काही सापडतंय का, हे ती खरोखरच शोधत होती.

"काय नाय मागायचं, काका. फिटलं, तेवढंच सांगा."

बाहेर दत्ताराम दार आपटून गाडीत बसला. "बस आता. का पाया पडू?"

"जोडीनं यायचं बोलले होते," ती म्हणाली. "जायचं नव्हतं बोलले. तुमी व्हा पुढं."

गाडी उतरणीला लागली. वळणावळणाला फुस्स ऐकू येत होतं. ती कडेकडेने चालत राहिली. हात जोडायचं तिला आठवलंही नाही.

घरी पोचली तेव्हा डावी सीट पुन्हा पडवीत आली होती आणि कोंबडी तिच्याभोवती घुटमळत होती. संजीवनीने चुलीवर चहाचं कपभर पाणी ठेवलं.

"दत्तूला नाय टाकलास?" रंगूबाईने विचारलं.

"त्यांना लागला तर करून घेतील."

कप तोंडाला लावला, तेव्हा लक्षात आलं, गूळ घालायचा राहिला. ती उठली नाही. तसाच प्यायली.