उंबरठा लागेपर्यंत

संगणकाच्या खोलीला वर्षभर कुलूप, म्हणून सातवीला मी संगणकाविनाच संगणकाचा विचार शिकवत होते. मोठं काम तुकड्यांत कसं फोडायचं, हुकूम क्रमाने कसे द्यायचे, घोडं कुठे पेंड खातंय ते कसं शोधायचं. मुख्याध्यापकांच्या मते हा सगळा पोरखेळ. आज तपासणीचे साहेब आले होते. त्यांना पटलं नाही, तर माझा हा तास बंद.

मुलांनी खेळ बसवला होता. भिंगरी झाली रोबोट. एरवी ही पोरगी एका जागी बसेल तर शपथ! आज मात्र डोळ्यांवर पट्टी, हात अंगाला चिकटलेले. फळ्यावर मुलांनीच लिहिलेले हुकूम: उजवीकडे वळ. मागच्या दाराचा उंबरठा पायाला लागेपर्यंत चालत राहा.

"बाई, तुम्ही मध्ये बोलायचं नाही हं," मुख्याध्यापकांशेजारी बसता बसताच साहेबांनी बजावलं.

त्यांच्या खुर्चीला जागा हवी म्हणून शिपायाने सकाळी लोखंडी कपाट त्या मागच्या दारापुढे सरकवलं होतं. माझं लक्ष गेलं तोवर भिंगरी निघाली होती.

धाड! कपाळ कपाटावर. वर्ग खो खो हसला. तिने पुन्हा पाऊल टाकलं. धाड! आता कुणी हसेना. मुलं माझ्याकडे बघत होती आणि मुख्याध्यापक बघत होते साहेबांकडे.

"अगं थांब!" मी ओरडले.

ती थांबली नाही. रोबोट फक्त फळ्यावरचं ऐकतो, हे मीच महिनाभर घोकवून घेतलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. शेवटी धावत जाऊन तिला मागून कवेत धरलं, तरी तिचे पाय चालतच होते. मला रडू फुटायचं बाकी होतं. गेला आपला तास, म्हटलं.

तेवढ्यात टाळ्या ऐकू आल्या. साहेब उभे राहिले होते.

"वा! काय आज्ञाधारक मुलं आहेत! हा तास सगळ्या वर्गांना सुरू करा."

"आमची शिस्तच तशी आहे, साहेब," मुख्याध्यापक लगेच म्हणाले.

"नाही हो साहेब, हे चुकलंय. हे असं नाही शिकवायचं मला..."

"पुरे हा विनय, बाई," साहेब म्हणाले आणि दोघे हसत चहाला गेले.

मी पट्टी सोडली. कपाळावर हे एवढं टेंगूळ.

"समोर कपाट आहे, हे कळलं नाही का गं तुला?"

"पहिल्या धडकेतच कळलं, बाई."

"मग?"

"रोबोटने विचार करायचा नसतो ना," भिंगरी म्हणाली आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत राहिली.