उठू का आता?

बेल वाजली तशी बंबवाल्यांनी पलंगावरून उडी मारली, आणि ते दाराऐवजी कपाटावर जाऊन आदळले. बायको स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा ते जमिनीवर बसून कपाळ चोळत होते.

"काही नाही गं. जरा अंधारी आली. दार उघड आधी."

दारात कुणी आग लागल्याची वर्दी घेऊन आलं नव्हतं. शेजारीण किल्ली ठेवायला आली होती.

त्यांची सगळी नोकरी अग्निशमन दलात गेलेली. घंटा झाली की डोळे उघडण्याआधी पाय जमिनीवर. शर्टाची बटणं जिना उतरता उतरता लावायची. संसारात बायकोने नवऱ्याचं तोंड कमी आणि पाठच जास्त पाहिली होती. दर वेळी "बसा ना जरा" असं ओठांवर यायचं आणि तिथेच राहायचं. आता निवृत्त होऊनही गृहस्थांची उडी काही निवृत्त होत नव्हती.

दुपारी ती त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. प्रोस्टेटची ग्रंथी वाढली म्हणून डॉक्टरीणबाईंनीच त्यांना रात्रीची गोळी दिली होती.

"गोळी रोज घेताय ना?"

"घेतो की!"

"खोटं," बायको म्हणाली. "लघवीचा त्रास कमी झाला, म्हणून आठवडाभर यांनी परस्पर बंद केली. त्रास सुरू झाला तशी काल रात्री पुन्हा घेतली."

बंबवाल्यांनी तिच्याकडे फितुराकडे पाहावं तसं पाहिलं.

"तिथेच चुकलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही गोळी लघवीच्या वाटेचे स्नायू सैल करते, तशाच रक्तवाहिन्याही सैल करते. झटकन उभं राहिलं की रक्तदाब घसरतो. खंड पडला की शरीराची सवय मोडते. आता पुन्हा कमी ताकदीच्या गोळीपासून सुरुवात. मनाने बंद-चालू करायची नाही. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तर या गोळीचं डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. सकाळी उठलात की पलंगाच्या कडेला बसायचं. डोकं स्थिर वाटलं की मग सावकाश उभं राहायचं."

"आणि बेल वाजली तर?"

"वाजू द्या."

जळतं घर नुसतं बघत बसा असं कुणी सांगावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

"नकोच ती गोळी," रस्त्यात ते पुटपुटले. "रात्रीत पाचदा उठलेलं परवडलं."

ती भर रस्त्यात थांबली. सकाळपासून जिवाचं पाणी पाणी झालं होतं, ते आता बाहेर पडलं. "लोकांच्या घरातून माणसं उचलून आणलीत तुम्ही. खुबा मोडून घरात पडलात, तर मी एकटी तुम्हाला कशी उचलू? सांगा ना!"

रात्री बंबवाल्यांनी मुकाट्याने नवी, कमी ताकदीची गोळी घेतली.

सकाळी ते पलंगाच्या कडेला बसले. राखण करावी म्हणून तीही शेजारी बसली. पहिले काही दिवस दोघंही तोंडाला कुलूप लावून समोरच्या कपाटाकडे बघत. मग एकदा ते आपणहून बोलले. एका आगीत एक म्हातारी शिलाई मशीन घेतल्याशिवाय घर सोडायला तयार नव्हती, शेवटी दोघींनाही खाली आणावं लागलं.

"दोघी कोण?"

"म्हातारी आणि मशीन."

ती पोट धरून हसली. इतक्या वर्षांत यातलं काहीच तिच्या कानावर आलं नव्हतं. आता ती पहाटेच जागी होऊन त्यांच्या उठण्याची वाट बघायला लागली.

अशाच एका सकाळी ते नुकते उठून बसले होते आणि खालच्या रस्त्यावरून बंब गेला, घणघणत, अगदी खिडकीखालून. त्यांची पाठ ताठ झाली. पावलं फरशीवर घट्ट रोवली गेली, हात गादीवर दाबले गेले.

पण ते बसून राहिले. आवाज कोपऱ्यावरून वळला, बारीक होत गेला.

"पोचतील पोरं," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "उठू का आता?"

त्यांनी असं बसून राहावं, जन्मभर तिला हेच हवं होतं. पण त्यांनी असं परवानगी मागितल्यासारखं विचारलेलं तिला मुळीच आवडलं नाही.

"उठा," ती म्हणाली, आणि आधी स्वतः उभी राहिली.

ते तिचा हात न धरता, पण सावकाश उठले. खिडकीपाशी गेले. रस्ता रिकामा होता. खुंटीवरचा शर्ट काढून त्यांनी अंगात घातला आणि तिथेच उभं राहून एकेक बटण लावलं, गळ्यापर्यंत.