डाव्या झाकणाखालचा आवाज

शिवदासांची बुलेट चौऱ्याण्णव सालची. खाडीकाठच्या मुर्धा गावची मिठागरं अजून चालू होती, ते तिथे कामाला होते, तेव्हा त्यांनी ती घेतली, आणि तेव्हापासून घरात दुसऱ्या कोणी तिला किक मारलेली नव्हती. मुलगा प्रणय पहाटेच्या पाळीला निघून जायचा, म्हणून सुनेला कामावर सोडायचं गेल्या वर्षी त्यांच्याकडे आलं. त्यांनी ते हौसेने घेतलं. रोज साडेनऊला ते गाडी पुसून अंगणात तयार ठेवायचे.

सून समिधा केबिन रोडवरच्या कानाच्या दवाखान्यात कामाला होती. माणसाला आवाज न शिरणाऱ्या खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक बारीक सूर सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. मग त्याचा आलेख काढून डॉक्टरांकडे पाठवायचा. आठ वर्षं हेच केल्यामुळे तिच्या कानाला एक खोड लागली होती. कुठलाही आवाज आला की तो कुठून येतो हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

बुलेटच्या डाव्या बाजूने, पायाच्या घोट्यापाशी कुठेतरी, एक आवाज येत होता. इंजिनाच्या धपधपीखाली दडलेला, डब्यात खिळे घालून हलवावेत तसा. खडखड वाढायची, जरा दबायची, पुन्हा वाढायची. गाडीने वेग घेतला की गायब. सिग्नलला थांबलं की पुन्हा हजर.

"बाबा, डावीकडून काहीतरी वाजतंय," तिने एके दिवशी पुलाखाली गाडी थांबलेली असताना म्हटलं.

शिवदासांनी मान मागे वळवली. "काय म्हनतेस?"

"आवाज येतोय! डाव्या बाजूला!"

त्यांनी वाकून इंजिनाकडे पाहिलं. "कसला आवाज? मना तर काय येत न्हाय. बुलेट हाय गो, शिलाई मशीन न्हाय."

प्रणयनेही रात्री जेवताना तेच सांगितलं. बुलेट आवाज करणारच, त्यासाठीच तर लोक घेतात. त्यावर शिवदास हसले आणि विषय तिथेच संपला.

समिधाच्या डोक्यात मात्र तो संपला नाही. आवाज इंजिनाचा असता तर वेगाबरोबर वाढायला हवा होता, हा तर कमी होतोय. तिने मागे बसल्या बसल्या फोनवर दोन-तीनदा तो रेकॉर्ड केला. दुपारी डबा खाताना हेडफोन लावून ऐकला, बोटाने टेबलावर ठेका धरला. खडखड ठरावीक फेऱ्यांनी चढत-उतरत होती. काहीतरी फिरत होतं, आणि फिरता फिरता एका ठिकाणी ढिलं पडत होतं. एवढं तिला कळलं. पुढचं कळेना.

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, इंडस्ट्रियल इस्टेटच्या एका गाळ्यात, ईश्वरभाई नावाचे एक गृहस्थ जुन्या बुलेट दुरुस्त करायचे. त्यांच्या आईला समिधानेच कानाचं मशीन बसवून दिलं होतं. ती फोन घेऊन त्यांच्याकडे गेली. त्यांनी तेलकट हात पुसले, फोन कानाशी धरला, डोळे मिटले.

"क्लच दाबल्यावर बंद होतो?"

"नाही."

"थोडी रेस दिली तर?"

"तेव्हा बंद होतो."

ईश्वरभाईंनी डोळे उघडले. "प्रायमरी चेन. इंजिनपासून क्लचपर्यंत आतमध्ये एक चेन असते ना भाभी, बाहेर दिसते ती नाही, झाकणाच्या आत, तेलात. ती ढिली आहे. पण फोनवर इलाज होत नाही. गाडी लेके आव."

गाडी नेणं म्हणजे शिवदासांना नेणं. समिधाने त्यांना सरळ सांगितलं की तिला त्या आवाजाचं कोडं पडलंय, आणि ईश्वरभाई ते उलगडून दाखवणार आहेत. रविवारी सकाळी शिवदास आले, पण कपाळाला आठी घालूनच. तीस वर्षांत आपल्या गाडीचं काही आपल्याला कळलं नाही आणि ते मागे बसणाऱ्या सुनेला कळलं, हे त्यांना रुचलेलं नव्हतं.

ईश्वरभाईंनी गाडी स्टँडवर घेतली, सुरू केली. खडखड गाळाभर झाली. समिधाने सासऱ्यांकडे पाहिलं.

"आता येतोय?"

"धपधप येते. चांगली हाय." शिवदासांनी हात मागे बांधले. "उगाच खोलायची काय गरज न्हाय."

ईश्वरभाई वाद घालणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक डाव्या झाकणावर टेकवलं आणि मूठ शिवदासांच्या हातात दिली. "काका, ही मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा. दाबून. पुराने मिस्तरी लोक असेच ऐकतात."

शिवदास नाइलाजाने वाकले. मूठ उजव्या कानामागे टेकवली. आणि त्यांचा चेहरा पालटला. आधी भुवया वर गेल्या, मग तोंड किंचित उघडलं. ते मिनिटभर तसेच वाकून राहिले.

"हाय," ते म्हणाले. "आयला, हाय की! खळखळ, खळखळ... सगळा खुळखुळा झायलाय आतमधी."

त्यांनी मूठ काढली, ऐकलं. पुन्हा लावली, ऐकलं. "काढला का न्हाय, लावला का हाय. ह्यो काय प्रकार?"

ईश्वरभाई हसले. समिधा हसली नाही. ती त्या मुठीकडे बघत होती. हवेतून ऐकू येत नाही, हाडातून येतं. हे ती आठवड्यातून दहा वेळा कागदावर लिहीत होती. म्हणजे आतला कान शाबूत. आवाज आत जायची वाट कुठेतरी अडलेली. आणि असा माणूस रोज सकाळी तिच्यापुढे दीड फुटावर बसत होता. घरात सगळेच ओरडून बोलायचे, टीव्ही मोठा असायचा, प्रत्येक गोष्टीला "काय म्हनतेस?" यायचं, आणि ती त्याला गावची सवय समजत आली होती. तिला स्वतःची लाज वाटली. पण गाळ्यात, परक्या माणसासमोर, हे बोलायचं नाही एवढं तिला उमजत होतं.

"खोला," शिवदास ईश्वरभाईंना म्हणाले. आता त्यांनाच राहवत नव्हतं. "बघू तरी काय हाय."

ईश्वरभाईंनी ब्रेकचा पेडल काढला, पाय ठेवायची दांडी काढली, मधला मोठा नट सोडवला आणि झाकण खेचलं. काळं तेल ट्रेमध्ये ओघळलं. आत दुपदरी साखळी होती, पुढच्या लहान चक्रावरून मागच्या मोठ्या चक्रावर गेलेली. तिच्या खालच्या बाजूला धनुष्यासारखी एक लोखंडी पट्टी होती.

"हा टेन्शनर. खालून बोल्टने वर ढकलायचा, चेन ताठ होते. याच्यावर रबर होता." ईश्वरभाईंनी पट्टी काढून समिधाच्या हातात दिली. रबराचा एक तुकडा कडेला चिकटून होता. बाकी उघड्या लोखंडात साखळीने दोन चर पाडले होते, बोटाला लागतील असे.

"मग नवीन पट्टी टाकून ताठ केली की झालं?"

"तेच करतात सगळे. म्हणूनच आवाज जात नाही." इंजिन सहज फिरावं म्हणून त्यांनी प्लग काढला, किक हाताने हळूहळू दाबत साखळी फिरवली. "आता वरून बोट लावा. किती हलते?"

समिधाने तर्जनीने साखळी दाबली. चांगली बोटाच्या रुंदीएवढी खाली गेली. किक आणखी थोडी फिरली. आता जेमतेम हलली. आणखी फिरली, पुन्हा ढिली.

तिच्या टेबलावरच्या ठेक्याचा उलगडा तिथे झाला. "सगळीकडे सारखी ढिली नाहीये!"

"बरोबर! जुनी चेन सारखी ताणत नाही. ढिल्या जागेला बघून बोल्ट आवळला तर घट्ट जागा रडते, बेअरिंग खाते. घट्ट जागेला बघून ठेवला तर ढिली जागा वाजते. लोखंडाची पट्टी एकाच उंचीवर उभी राहणार, ती काय करणार बिचारी?" त्यांनी कपाटातून एक पुडकं आणलं. आतमध्ये पांढऱ्या कडक प्लास्टिकची गुळगुळीत सरक होती, साखळी जिच्यावरून सरकते अशी पट्टी, तिच्याखाली स्प्रिंग. "ही चेनबरोबर खाली-वर होते. ढिली जागा आली की उठते, घट्ट आली की बसते. आवळायची भानगडच नाही."

शिवदासांनी ती सरक अंगठ्याने दाबून पाहिली. दाबली, सोडली, पुन्हा दाबली. "म्हंजी ही चेनचं ऐकते."

"हां काका. सुनती है."

नवा टेन्शनर बसला, झाकण लागलं, तेल भरलं. शिवदासांनी स्वतः किक मारली. खडखड नव्हती. ईश्वरभाईंनी विजयी मुद्रेने समिधाकडे पाहिलं, पण ती मान तिरकी करून उभी होती.

"दुसरा आवाज आलाय. बारीक. रेस द्या बरं... बघा, रेसबरोबर चढतोय. कुत्र्याच्या पिल्लासारखा."

ईश्वरभाईंना तो ऐकू यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी कपाळावर हात मारला. पुन्हा झाकण, पुन्हा तेल. स्प्रिंगच्या तळाशी त्यांनी दोन वॉशर घातले होते. घट्ट जागा आली की स्प्रिंग पूर्ण दबून जात होती आणि सरक पुन्हा लोखंडी पट्टीसारखी ताठ उभी राहत होती. एक वॉशर काढला, साखळी दहा-बारा वेळा फिरवून समिधाकडून प्रत्येक जागी बोट लावून घेतलं. सगळीकडे जवळपास सारखीच दबली.

तिसऱ्या किकेला बुलेट नुसती धपधपली. खाली कान देऊन ऐकलं तर अगदी हलकी सळसळ होती, तेवढीच. "चेन जुनीच आहे, ती वर्षभरात बदलावी लागेल," ईश्वरभाई म्हणाले. "पाचशे किलोमीटरनंतर एकदा दाखवा."

शिवदास मात्र निघायला तयार नव्हते. त्यांनी तो लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि कानामागे लावून सगळी गाडी ऐकायला सुरुवात केली. डावं झाकण, उजवं झाकण, गिअरचा डबा, पेट्रोलची टाकीसुद्धा. प्रत्येक ठिकाणी वेगळा आवाज मिळत होता आणि प्रत्येक वेळी ते समिधाला हाक मारत होते.

घरी परतताना तिने वाटेत एका टपरीवर त्यांना चहाला थांबवलं. कप हातात आल्यावर ती म्हणाली, "बाबा, तो स्क्रू-ड्रायव्हरचा प्रकार आमच्याकडेही असतो. आमचा चिमट्यासारखा असतो, आपटला की सूर लागतो. हाडाला लावायचा, मग कानासमोर धरायचा. दोन्हीत फरक पडला तर कारण शोधता येतं."

शिवदासांनी उजव्या कानामागे बोट नेलं. त्यांना कळलं होतं, हे तिला दिसलं.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"चार-पाच वर्सं. हलू हलू गेलं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मना वाटला वय झाला. वयाला काय वाशर लावनार?" मग कप खाली ठेवला. "पन हाडानं येतंय, ते का? त्ये सांग मना."

"ते बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही."

"मंग बघ की. उद्याच बघ."

उद्या म्हणजे सोमवारी, दवाखाना उघडल्या उघडल्या, ते खोलीत हेडफोन लावून बसले. आलेख तिने अंदाज केला होता तसाच निघाला. डॉक्टरांनी उजव्या कानात बघितलं आणि मान हलवली: मळ साचून दगड झाला होता. चार दिवस थेंब घालायला दिले आणि शुक्रवारी तो काढला. डाव्या कानाचं तेवढं सोपं नव्हतं. तिथे पडद्यामागची हाडंच आखडली होती. त्याला मोठ्या हॉस्पिटलात दाखवावं लागेल, कदाचित ऑपरेशन. शिवदासांनी ते चित्रावर समजून घेतलं, हाड कुठलं, हलतं कसं, अडतं कुठे, सगळं विचारलं. ऑपरेशनचं मात्र विचार करून सांगतो म्हणाले.

शनिवारी सकाळी गाडी मुर्ध्यातून निघाली आणि खाडीकडेच्या वळणावर त्यांनी एकाएकी ती बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

"काय झालं?" समिधा घाबरली. "गाडीला काय झालं?"

"गाडीला काय न्हाय. गप जरा."

ओहोटी होती. तिवरांच्या मुळांशी काळा चिखल उघडा पडला होता. त्यातून आवाज येत होता, तेलात मोहरी तडतडावी तसा, पण ओला. इथे एक, तिथे दोन, मग लांबवर पसरत गेलेला. समिधा रोज या रस्त्याने जायची. तिला तो कधी ऐकू आलेला नव्हता.

"हा कसला आवाज, बाबा?"

"मिठागरावर असताना रोज यायचा." शिवदासांनी उजवा कान खाडीकडे वळवला. "खेकडं असतील. का बुडबुडं फुटतात, कोन जाने. तवा इचारलाच न्हाय कधी कुनाला."

तिला उशीर होत होता. तिने दवाखान्यात फोन करून सांगितलं की दहा मिनिटं लागतील, आणि चपला काढून हातात घेतल्या. शिवदास आधीच बांधावरून खाली उतरायला लागले होते.