घासून काढलेलं नाव

मी एक जुनी पितळी ढाल आहे, मित्रांनो. लढाईतली नव्हे, कौतुकाची. परदेशातून उत्तम बातम्या पाठवणाऱ्या वार्ताहरांना दरवर्षी माझी एकेक बहीण मिळते. मला मिळवणारी ताई दूरदेशीच्या युद्धातून सात महिने बातम्या धाडत होती. तिथली भाषा तिला कुठली यायला? एक दुभाष्या तिच्यासोबत दारोदार हिंडायचा, लोकांचं रडणं आधी स्वतः ऐकायचा आणि मग तिला सांगायचा. ती त्याला दादा म्हणायची. त्याच्याशिवाय हा मान अर्धाच, म्हणून तिनं हट्टानं माझ्यावर दोन नावं कोरून घेतली. वर तिचं, खाली दादाचं. मी काय मिरवले म्हणून सांगू!

पण समारंभाच्या सकाळी ती धावतपळत कोरणाऱ्याकडे आली. खालचं नाव काढून टाका, म्हणाली. म्हातारा वैतागला.

"बाई, पितळ आहे हे. पाटी नव्हे, ओल्या फडक्यानं पुसायला."

तरी त्यानं कानस उचलली. कानशीपेक्षा ताईचं वागणंच मला जास्त झोंबलं. कचेरीतही कुजबुज झाली. मोठ्या झाल्यावर बाईंना वाटेकरी नकोसा झाला, असं कुणीकुणी तोंडावर ऐकवलं. ती मला घेऊन घरी गेली. मी मात्र कपाटात रुसून बसले आणि काळवंडत गेले.

अकरा वर्षांनी युद्ध निवलं, आणि काठी टेकत एक पाहुणा घरी आला. दादाच तो. त्यानं मला मांडीवर घेतलं, घासलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"इथं होतं माझं नाव?"

"होतं. त्या सकाळी कळलं, ढालीचा फोटो सगळीकडे छापणार आहेत. तुमच्या गावातही पोचला असता. का खोडलं ते सांगायचीही सोय नव्हती. रागावलात, दादा?"

"वेडी आहेस. शेजाऱ्याचं नाव एका बातमीत आलं, त्याचं घर उरलं नाही. मी नातीच्या लग्नात नाचून आलोय, या असल्या गुडघ्यांनी."

दोघं हसता हसता डोळे पुसू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला मी इतकी वर्षं मनात दूषणं दिली, तिनं एका जिवासाठी मुकाट बोलणी खाल्ली होती.

आता भीती सरली होती. दुसऱ्या दिवशी दादाचं नाव त्याच खोलगट जागेत पुन्हा कोरलं गेलं. जरा वाकडं, पण ठळक.

मित्रांनो, मला लखलखीत ठेवा असं मी म्हणणार नाही. दूरची बातमी वाचाल तेव्हा, ज्यानं ती सांगायला मदत केली आणि ज्याचं नाव कुठंच छापलं नाही, त्या माणसाचे मनातल्या मनात आभार माना. त्याच्या घरचं दार अजून शाबूत असेल, तर तेवढं पुष्कळ झालं.