शेंबड्या लेकरांची आजी

चैत्रात आमच्या दिंद्रुडात करोना घरोघर खोकत होता, तेव्हा माझं अंग तापलं. झालं! लेक हरिओम आणि सून योगिता, दोघांनी मला मधल्या खोलीत कोंडलं. मला आधीच शुगर, त्यात अंगानं जड. सगळ्यांच्या मनात मीच जाणार होते. श्वासाचा आकडा दाखवणारा चिमटा माझ्या बोटाला. योगिता दारातून ओरडायची, "आत्याबाई, आकडा सांगा!"

"सत्त्याण्णव. रडायची घाई करू नको. लुगडी वाटून घ्यायला लई येळ हाय."

माऊली आणि धनश्री, माझी नातवंडं, दाराबाहेर भोकाड पसरून बसलेली. त्यांची नाकं माझ्याच पदराला पुसलेली. त्यांचं उष्टं मला, माझं त्यांना. हिवाळाभर त्यांच्यासंगं मीही शिंकत होते.

मालकांकडं कुणाचंच ध्यान नव्हतं. नाव आश्रुबा, लिहिते, तोंडानं घेत न्हाई. दिवाळीपासून मेंढरांमागं हिंडून नुकते परतलेले. खारकेसारखं वाळलेलं काटक अंग, कधी गोळी खाल्लेली न्हाई. खोकला त्यांनाही होता. पण "उघड्यावरच्या गड्याला काय होतंय?" म्हणत वावरात मेंढरांपाशीच झोपले. लेकाला-सुनेलाही ते पटलं.

माझा ताप लवकर उतरला. एका दुपारी वावरातून मेंढरांचं ओरडणं ऐकू आलं, ते थांबेना. ऊन डोक्यावर आलं तरी मालकांनी मेंढरं सोडली न्हाईत? असं कधी झालं नव्हतं. मी तोंडाला पदर बांधला, चिमटा मुठीत धरला.

योगिता आडवी आली. "आत्याबाई, बाहेर पडायचं न्हाई!"

"सर बाजूला. तुझा सासरा हाय त्यो, बुजगावणं न्हाई."

मालक वावरातल्या कडुलिंबाखाली टेकून बसलेले. ओठ जांभळे.

"मरायचं सोडून... इकडं कावून आलीस?" एवढं बोलायला दोनदा थांबले.

"बोट द्या."

"मला... काय धाड भरलीय?"

मीच बोट ओढलं. ब्याऐंशी. मी तिथूनच घराकडं बोंब ठोकली. "हरिओम! पिकअप काढ!"

माजलगावच्या दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला. हरिओमनं डॉक्टरला विचारलं, "आईला शुगर, तिला फार काही झालं न्हाई. आबा लोखंड, त्यांनाच कसं?"

डॉक्टरनं घरात बारकी लेकरं कुणापाशी असतात ते विचारलं. हरिओम म्हणाला, "आईपाशी. आबा दिवाळीपासून रानात." त्यावर डॉक्टर म्हणाला, "लेकरांची सर्दी सोसून अंगाला सवय होत असावी, असा काहींचा अंदाज आहे. पक्कं कुणी सांगत नाही. त्या भरवशावर राहू नका."

मालक घरी आले ते भिंत धरत. माऊली शेंबडासकट त्यांच्याकडं धावला. मी मधीच धरला.

"तुला चालतंय, मला न्हाई व्हय?" मालक म्हणाले.

"मी रोज थोडं थोडं खाल्लंय. तुमी एकदम ताट वाढून घेऊ नका. आधी दम पुरू द्या."

वावरात मेंढरं ओरडली. मालक उठायला गेले, उठवेना. कोपऱ्यातल्या मेंढरं हाकायच्या काठीकडं त्यांनी बघितलं.

"हरिओम," म्हणाले, "यंदा तू जा कळपामागं."

"आन तुमी?" मी विचारलं.

"मला नाकं पुसायला शिकव."