छपराखालची शेवटची जुडी

चुलीच्या वर, वाशाला ज्वारीच्या कणसांची एकच जुडी उरली होती. धुरानं काळीकुट्ट झालेली. स्योंबुआला हे बियाणं सासूनं सोपवलं होतं. माणसांनी गाईचं कातडं उकळून खाल्लं त्या दुष्काळातही सासूनं वाशाला कुणाचा हात लागू दिला नव्हता. पण तेव्हाचा दुष्काळ पाहुण्यासारखा यायचा आणि जायचा. आता सलग तीन वर्षं पेरलेलं करपलं होतं.

मदतीचा मका कुणाला द्यायचा याची यादी करणारा मुतेमी दारातून वाकून आत आला आणि त्यानं वर पाहिलं.

"आजी, हे काय?"

"बी आहे."

"म्हणजे दाणाच. घरात दाणा असला की नाव कापायचं, असा हुकूम आहे."

"काजळी खातोस का रे? ये, वाढते!"

"माझ्या कागदावर बियाण्याचा रकाना नाही, आजी. नदीपलीकडची घरं करून येतो. तोवर बघा काय ते."

सून कालुकीनं पोरांपुढे पाण्याचा तांब्या सरकवला. तिची दोन पोरं कालपासून नुसत्या पाण्यावर होती.

स्योंबुआनं जुडी कापडात गुंडाळली आणि शेजारी न्दिंदाकडे गेली. न्दिंदा दर पेरणीला तिच्याकडूनच बी न्यायची.

"फक्त आजच्या दिवस ठेव गं."

"आणि माझं नाव गेलं म्हणजे? तुम्ही म्हाताऱ्या, दोन घासांत भागेल. मला पाच तोंडं आहेत, काकू."

पुढच्या दोन दारांतही तेच झालं. ती परतली तेव्हा कालुकीनं उखळ उंबऱ्याशी आणून ठेवलं होतं.

"आई, तुम्ही नका कांडू. मी कांडते."

"माझ्या सासूचं आहे. मीच कांडीन."

मुसळाचे घाव सगळ्या वस्तीला ऐकू गेले असतील. कुणी आलं नाही.

मुतेमी परतला तेव्हा कण्या शिजत होत्या. त्यानं मोकळा वासा पाहिला, भांड्याकडे न पाहिल्यासारखं केलं आणि नाव लिहिलं. "एवढंच तर करायचं होतं, आजी," म्हणाला आणि गेला.

कालुकीनं पहिलं वाडगं सासूपुढे ठेवलं. स्योंबुआनं ठरवलं होतं, तोंडही लावायचं नाही. पण वास आला. एक घास घेतला. काजळीची चव होती, तरी मेलं गोड लागलं. तिनं वाडगं बोटानं पुसून चाटलं आणि पोरांचं वाढून व्हायच्या आधीच पुन्हा पुढे केलं.