टाकीवर उमटलेले डोळे

मोटरसायकलच्या टाक्या रंगवणाऱ्या धनसिंगच्या दुकानापुढे रस्ता अडला होता. मंगरूळपीरची, आसेगावची, मानोऱ्याकडच्या तांड्यांवरची माणसं एका काळ्या पत्र्याकडे टक लावून उभी होती. टाक्यांना कोणाची नजर लागते ते शोधायला आलेल्या बाबूलाल महाराजांनी पत्र्यावरून फडकं फिरवलं, "हिरीबाई" असं नाव घेतलं आणि खूण केली. धनसिंगने रंग फवारायच्या गनने क्लिअर कोट मारला, म्हणजे रंगावरचा चकचकीत पारदर्शक थर. बघता बघता त्या ओल्या थरात गोल खड्डे पडू लागले. भोवती कडं, मधे काळा ठिपका. हुबेहूब डोळे.

त्याआधी चार पत्र्यांवर चार नावं घेतली, तेव्हा थर आरशासारखा राहिला होता.

महाराजांच्या मते नजरेच्या सतरा जाती असतात. मोटरसायकलला लागते ती सगळ्यांत चिवट. तिच्यावरचं तेल अर्थातच त्यांच्याच पिशवीत होतं. लोकांनी बाटल्यांसाठी हात पुढे केले.

मी हरीओम. समोरचं दुकान माझं. धनसिंग गन धरायला माझ्याकडेच शिकला. दोन वर्षांपूर्वी त्याने समोर दुकान टाकलं आणि माझी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली. त्याने रंगवलेल्या टाकीत चेहरा दिसायचा. माझ्या कामात इतका स्वच्छ कधी दिसला नाही. शटर उघडताना माझी नजर आधी त्याच्या दारातल्या गाड्यांवर जायची आणि मी त्या मोजायचो.

म्हणून महिन्याभरापूर्वी त्याच्या टाक्यांवर खड्डे दिसू लागले, तेव्हा मी खूश झालो. खड्डे कशाने पडतात, ते मला लगेच कळलं होतं. सीट, टायर चमकवायला लोक जे पाणी लावतात, त्यात सिलिकॉन असतं. त्याचा अंश टाकीवर राहिला की क्लिअर कोट तिथून मागे सरतो. माझंही काम एकदा असंच बिघडलं होतं. दोन शब्दांत सांगता आलं असतं. सांगितलं नाही. हिरीबाईच्या नावाआधी महाराजांनी फडकं बदललं, तेही मी पाहिलं आणि गप्प बसलो.

हिरीबाई आमच्या दोन दुकानांच्या मधे चहा विकायची. दुसऱ्या दिवसापासून तिचा बाक रिकामा पडला. बाया तिच्यासमोरून जाताना लेकरांच्या तोंडावर पदर धरू लागल्या. तिसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली.

"हरीओमभाऊ, माह्या डोयात खरंच काही असन का? मले आता कोनाकडं पाहाचंही भेव वाटते."

 जळणारे डोळे माझे होते आणि शिक्षा ती भोगत होती.

त्याच दुपारी महाराज तेल विकायला पुन्हा आले. मी रस्ता ओलांडला आणि हिरीबाईच्या नावाला वापरलेलं त्यांचं दुसरं फडकं मागितलं. ते मंत्राने बांधलेलं आहे, कोणी शिवू नये, असं ते म्हणाले. मंत्र पक्का असेल तर कोणीही फिरवलं तरी काय बिघडणार, असं मी विचारलं. तोपर्यंत भोवती जमलेले लोकही मान डोलावू लागले होते, म्हणून महाराजांना फडकं द्यावं लागलं.

एक पत्रा मी ग्रीस काढायच्या थिनरने धुतला. अर्ध्या भागावर ते फडकं फिरवून "बाबूलाल" म्हणालो. उरलेल्या अर्ध्या भागावर काहीच न फिरवता "हिरीबाई" म्हणालो. धनसिंगने गन चालवली. बाबूलालच्या अर्ध्यात डोळेच डोळे उघडले. हिरीबाईचा अर्धा भाग नितळ राहिला. फडकं हातोहात फिरलं. त्याला टायर चमकवायच्या पाण्याचा वास येत होता. तोवर महाराज पिशवी घेऊन निघालेही होते.

धनसिंगला मी उपाय सांगितला. थर पूर्ण वाळू दे, बारीक वॉटर पेपरने पाणी लावून खड्डे घास, थिनरने पूस, मग नव्याने कोट मार, आणि यापुढे प्रत्येक टाकी आधी थिनरने धू.

तो माझ्याकडे पाहत राहिला. "तुमाले हे पयलेपासून मालूम होतं?"

"होतं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"तुह्यावर जळत होतो."

 महिनाभर त्याने माझ्याशी बोलणं टाकलं, ते योग्यच होतं. हिरीबाईच्या बाकावर माणसं परत आली, पण सगळी नाही.

मी आजही जळतो. त्याच्या दारातल्या गाड्यांकडे रोज पाहतो, आणि चांगल्या नजरेने पाहत नाही. तरी त्या दिवसानंतर त्याच्या एकाही टाकीवर खड्डा पडलेला नाही. बाबांनो, काम बिघडलं तर कारण शोधा, धुऊन पाहा, पुन्हा करून पाहा. एखाद्या गरीब बाईकडे बोट दाखवणं सोपं असतं, म्हणून ते खरं ठरत नाही.